किल्ली मोहनबाईंच्या कमरेला

आमच्या म्हसावदच्या बाजारगल्लीत कोणाला मॅच बघायची असेल तर टीव्ही लागतो, इंटरनेट लागतं, ज्या कंपनीने त्या खेळाचे हक्क विकत घेतलेत तिचं ॲप लागतं, आणि मोहनबाई लागतात. पहिल्या तीन गोष्टी पैसे टाकले की मिळतात. मोहनबाई मात्र दिवसातून चार वेळा, अठ्ठेचाळीस अठ्ठेचाळीस मिनिटं, कोणाला म्हणजे कोणालाच मिळत नाहीत.

मी भाईदास. गावात सव्वीस वर्षं केबल चालवली. अजूनही चालवतो, म्हणजे वायरी खांबांवर लोंबतायत आणि बेचाळीस गिऱ्हाइकं उरलीत. एके काळी सहाशे होती. तेव्हा चॅनेलवाल्यांचं बिल भरलं की विषय संपायचा. जगात कुठेही बॉल पडला तरी म्हसावदला दिसायचा. आता हा दौरा एका कंपनीकडे, ती लीग दुसरीकडे, बायकांची तिसरीकडे, आणि वर्षभराने सगळ्यांची पुन्हा अदलाबदल. टीव्हीचा हक्क वेगळा, मोबाईलचा वेगळा. लोक मला रस्त्यात अडवून विचारतात, "भाईदास, मॅच काब दिसत नही?" जसा काही मीच लिलावात बसून विकून आलोय. दहा वर्षं या एका प्रश्नाला उत्तर देऊन माझं डोकं फिरलंय. तेव्हा सांगता सांगता आवाज चढला तर चालवून घ्या.

मोहनबाई म्हणजे माझ्या दुकानासमोरच्या किराणा-भुसारवाल्या माणकचंद शेठांच्या घरच्या. वय सत्तरीच्या आसपास. सतराव्या वर्षी लग्न होऊन मारवाडातून इथे आल्या, तेव्हा अहिराणीचा एक शब्द येत नव्हता म्हणे. आता त्या भाजीवालीशी अहिराणीत भांडायला लागल्या की भाजीवाली हार मानून शाळेतल्या मराठीत बोलायला लागते. अंगाने चवळीची शेंग, पण आवाज असा की माळ्याच्या खिडकीतून हाक मारली तर बसस्टँडवरचा माणूस वळून बघतो. मी त्यांना काकी म्हणतो. चांगल्या आहेत, प्रेमळ आहेत आणि हट्टीपणात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

या बाईंनी आयुष्यात एकही मॅच पाहिलेली नाही. तरी गल्लीतली प्रत्येक मॅच त्यांच्या परवानगीने चालते, हे कसं झालं ते सांगतो.

माणकचंद शेठांना फुकट या शब्दाचा भारी मोह. जिथे ऑफर दिसेल तिथलं सिम घेतात, दोन महिन्यांत टाकून देतात. त्यांचा मुलगा पुनीत सुरतेला कापडाच्या धंद्यात आहे. त्याचे तीन नंबर, आणि तिन्ही कधी बंद असतील सांगता येत नाही. घरात वीस वर्षं न बदललेला नंबर एकच, मोहनबाईंचा. साधा बटणांचा फोन. एकदा शेठांना कळलं की अमुक रिचार्ज मारला की क्रिकेटचं ॲप फुकट. झालं, मारला बायकोच्या नंबरावर. पुढच्या वर्षी क्रिकेट दुसऱ्या कंपनीने उचललं. पुनीतने नवं ॲप घेतलं, नंबर आईचाच दिला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी तिसरं. बरं, एका ॲपवर एका वेळी दोनच टीव्ही चालतात. इथे शेठांचा, सुरतेला पुनीतचा. तिसऱ्या कोणी, म्हणजे शेजारच्या पतपेढीच्या क्लार्कने किंवा मी, उघडलं की पहिला बाहेर फेकला जातो. परत आत यायचं तर ओटीपी. तो येतो मोहनबाईंच्या बटणाच्या फोनवर.

मग गल्लीत ओरड होते, "काकी, ओटीपी!" आणि माळ्याच्या खिडकीत चष्मा लावून मोहनबाई येतात. "कोना शे रे? लिखा! सात, चार, झिरो, झिरो, नऊ, दोन!" बँकवाले बिचारे सांगून सांगून थकले की ओटीपी कोणाला कळू देऊ नका. आमचा ओटीपी पानटपरीवाल्यालाही पाठ असतो.

एकदा मला बोलावून त्यांनी विचारलं, हे हक्क हक्क म्हणतात ते काय विकतात? मी सांगितलं, खेळ खेळाडूंचा, पण तो दाखवायचा हक्क लिलावात कंपनी घेते. मग ज्याने त्या कंपनीला पैसे दिले त्यालाच दिसतो. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"म्हनजे दखनं बी विकी टाकं?"

मी म्हटलं, हो, बघणंही विकलं. त्या दिवसापासून ओटीपी सांगताना त्यांचा आवाज आणखी चढला, असं मला वाटतं.

आता सामायिकेचं. ही स्थानकवासी जैन घरं. त्यांच्यात सामायिक म्हणून एक नेम असतो. आसन टाकायचं, तोंडाला मुहपत्तीचं पांढरं फडकं बांधायचं, पाठ म्हणून नेम घ्यायचा आणि अठ्ठेचाळीस मिनिटं संसार सोडून द्यायचा. घरातलं बोलायचं नाही, विजेच्या वस्तूला शिवायचं नाही, अर्ध्यावर उठायचं नाही. वेळ मोजायला मोहनबाईंकडे सासूच्या हातची वाळूची घडी आहे. ती उलटी ठेवली की वरची वाळू खाली उतरेपर्यंत छप्पर कोसळलं तरी त्या जागच्या हलणार नाहीत. लग्न होऊन आल्यापासून एकही सामायिक मोडलेली नाही. हे त्या मिरवत नाहीत, पण शेठ सगळीकडे सांगतात.

गेल्या चातुर्मासात मात्र घोटाळा झाला. फोन आसनाजवळ राहून गेला आणि कुठल्या तरी मॅचच्या वेळी तो सहा वेळा थरथरला. मोहनबाई हलल्या नाहीत, पण डोळे फोनच्या काचेवर गेले आणि मनात आकडे वाचले गेले. त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एक दिवस उपवास केला. त्या दिवसापासून रिवाज ठरला: सामायिकेला बसायच्या आधी फोन लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली कमरेला. गल्लीने कपाळाला हात लावला, पण सांगणार कोण?

आता स्टीफन. शेठांच्या गोदामात एकोणीस वर्षं काम करतो. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून डोंगरात त्याचा पाडा. तरुणपणी पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यावर ऊसतोडीला आला, हंगाम संपल्यावर परत गेला नाही. रविवारी प्रार्थनेला जातो, बाकी सहा दिवस पोती. मितभाषी माणूस. त्याच्याकडे बोलायला एकच विषय, त्याची मुलगी प्रिस्किला.

प्रिस्किला आश्रमशाळेत शिकली, तिथेच खो-खो खेळायला लागली. लहानपणी पाड्यावरच्या शाळेतून पळून मैदानात जायची, तेव्हा सुट्टीला घरी गेलेला स्टीफन तिचा कान धरून परत वर्गात नेऊन बसवायचा. आता वीस वर्षांची आहे आणि बायकांच्या खो-खोची जी मोठी लीग निघालीय, तिच्यातल्या एका संघात आहे. आणि या बापाने तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता. कधी सामना नागपूरला, कधी पोती उतरवायची, कधी भाड्याचं जमलं नाही. प्रत्येक वेळी त्याला फोनवर निकाल कळायचा.

यंदा प्रिस्किलाने सांगितलं, बाबा, या वेळी लाइव्ह दाखवणार आहेत. मैदानात उतरायच्या आधी मी कॅमेऱ्याकडे बघून माझा कान धरीन. ते फक्त तुझ्यासाठी. ही गोष्ट स्टीफनने मला तीन वेळा सांगितली आणि तिन्ही वेळा स्वतःशीच हसला. एकोणीस वर्षांत त्याला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

खो-खोचे हक्क कोणाकडे गेले होते? मोहनबाईंच्या रिचार्जवर फुकट आलेलं जे ॲप होतं, त्याच कंपनीकडे. मला वाटलं, चला, या हक्काच्या भानगडीतून एकदा तरी काही चांगलं निघालं. मूर्ख होतो.

साखळी सामने दुपारी, गोदामाच्या वेळात झाले. तेव्हा ठरलं की उपांत्य सामना बघायचा. नाशिकला, शुक्रवारी संध्याकाळी सहाला. मोहनबाईंनी आठवडाभर आधीपासून तयारी केली. चारची सामायिक चारलाच करून पाच वाजता मोकळं व्हायचं आणि सहाला फोन हातात घेऊन टीव्हीशेजारी बसायचं, असा त्यांचा बेत. स्टीफनला त्यांनी बजावलं होतं की दाराशी बसायचं नाही, खुर्चीवर बसायचं. स्टीफननेही शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट पिशवीत घालून आणला होता.

चारला दहा कमी असताना त्याचा फोन वाजला. प्रिस्किला. सामना सहाला नाही, चारला, आत्ता! का? तर संध्याकाळी त्याच कंपनीच्या ॲपवर क्रिकेटची मॅच होती, आणि मॅचच्या आधी अडीच तास तज्ज्ञ लोक खेळपट्टीवर बोलणार होते. त्या बोलण्याला जागा पाहिजे म्हणून मुलींचा सामना पुढे ओढला. खेळायच्या आधीच्या गप्पांसाठी खेळ हलवला! हे सांगतानाही माझे कान तापतात.

स्टीफन गोदामातून धावत आला, शर्ट घालायचं विसरून. मी दुकान उघडंच टाकून समोर पळालो. शेठांनी टीव्ही लावला. पडद्यावर पाटी: तुमचं सत्र संपलं आहे, नोंदणीकृत नंबरावर पाठवलेला ओटीपी टाका. सकाळी पुनीतने सुरतेत आणि मग क्लार्कने बँकेत, म्हणजे पतपेढीत, काही तरी उघडलं होतं, आम्ही बाहेर.

"ओ, ऐकस का! ओटीपी!" असं ओरडत शेठ जिना चढले आणि वरच्या पायरीवर थबकले. मी मागून डोकावलो. मोहनबाई आसनावर, मुहपत्ती बांधलेली, डोळे मिटलेले. समोर घडी. वाळू नुकतीच सुटली होती. त्यांनी चार वाजायची वाट पाहिली नव्हती, आज लवकर मोकळं व्हायचं म्हणून पाच मिनिटं आधीच बसल्या होत्या.

शेठांना नेम माहीत. नेमात बसलेल्या बाईशी संसाराचं बोलायचं नाही. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीला म्हणाले, "कपाटनी किल्ली भेटती ते बरं व्हतं." भिंत गप्प. "खो-खोनी येळ बदलनी शे." मोहनबाईंच्या पापणीची कड जराशी हलली, एवढंच. तिसऱ्या वेळी शेठ इतके मोठ्याने बोलले की खालून कोणीतरी विचारलं, काय झालं?

मी खाली येऊन पुनीतला फोन लावला; तो म्हणाला, मम्मीला विचार ना. कंपनीच्या मदत केंद्राला लावला. मराठीसाठी तीन दाबा, तीन दाबलं, गुजराती बाई बोलायला लागली आणि म्हणाली की नंबर बदलायचा असेल तर जुन्या नंबरावर ओटीपी येईल. माझ्या नंबरावर नवं ॲप घेतलं. पैसे कटले, पडद्यावर गोल फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. कुलूप तोडू म्हटलं, तर शेठ म्हणाले, वडिलांच्या वेळचं आहे, तुटणार नाही, आणि तुटलं तर ती मला सोडणार नाही. खो-खोचा सामना म्हणजे सात सात मिनिटांच्या चार पाळ्या, मधल्या सुट्ट्या धरून पाऊण तास. वर वाळू पडत होती, तिकडे नाशिकला मुली पळत होत्या, आणि मी शेठांच्या दिवाणखान्यात फोन हातात घेऊन गरगर फिरत होतो. मला सगळ्यांचा राग आला. कंपनीचा आला, क्रिकेटचा आला, मोहनबाईंचाही आला. एक किल्ली काढून द्यायची, एवढ्याने काय मोक्ष अडणार होता?

मी तसं बोललोसुद्धा, मोठ्याने. तेव्हा स्टीफन म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊ. बाईनं ध्यान चालू शे. मोडू नका." तो दाराशीच बसला होता, खुर्ची मागे रिकामी. त्या पाटीकडे बघत बसला, जणू पाटीमागून काही दिसेल.

पाचला पंधरा कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. मोहनबाई शेवटचा पाठ संपवून, कपाट उघडून, फोन घेऊन अक्षरशः धावत उतरल्या. आकडे पहिल्यांदाच ओरडून न सांगता त्यांनी फोनच शेठांपुढे धरला. शेठांनी टाकले. ॲप उघडलं. पडद्यावर कोट घातलेले पाच पुरुष खेळपट्टीबद्दल बोलत होते. खो-खोच्या चित्रावर लिहिलं होतं, हा सामना लवकरच उपलब्ध होईल. आज दोन महिने झाले, तो अजून लवकरच उपलब्ध होणार आहे.

"माले काब सांगं नही?" मोहनबाई शेठांवर कडाडल्या.

"तीन दाव सांगं!"

"भिंतले सांगं तुम्ही!"

तेवढ्यात स्टीफनचा फोन वाजला. प्रिस्किला जिंकली होती, शेवटपर्यंत बाद झाली नव्हती. दोघं घरच्या बोलीत बोलतात, ती मला येत नाही. पण तिने एकच प्रश्न दोनदा विचारला, त्यात टीव्ही हा शब्द होता. स्टीफनने आमच्याकडे पाठ केली. कानाला हात लावला आणि हसत हसत हो म्हणाला. दिसलं, दिसलं, असं तिला सांगत राहिला. मग फोन खिशात ठेवून गोदामाकडे निघून गेला. इस्त्रीच्या शर्टाची पिशवी तशीच दाराशी पडली होती.

मोहनबाई तिथेच पायरीवर बसल्या. मी निघालो तर म्हणाल्या, "भाईदास, तुन्ही गाडी नाशिकले जाई का?"

माझी केबलची जुनी व्हॅन शहाद्याला जाते तेव्हाही मी देवाचं नाव घेतो. पण त्यांचा चेहरा बघून जाईल म्हणालो. फायनल रविवारी सकाळी अकराला होती. संध्याकाळी परत क्रिकेट, म्हणून सकाळी. शेठ म्हणाले, घरात एवढा मोठा टीव्ही आहे, आता ओटीपीपण जमलाय, अडीचशे किलोमीटर जायचं काय खूळ? मोहनबाई म्हणाल्या, "तो टीव्ही तुम्हीच दखा." शेठ खरंच खूश झाले. रविवारी सगळ्या गल्लीला बोलावतो, चहा ठेवतो म्हणाले.

स्टीफन आधी येईना. पोरीला सांगितलंय की टीव्हीवर दिसलं, आता समोर जाऊन उभं कसं राहायचं? मोहनबाई म्हणाल्या, तिला सांगू नको, मागे बसू, बघू आणि परत येऊ. शनिवारी दुपारची सामायिक उरकून त्या गाडीत बसल्या. मांडीवर खाकऱ्यांचा डबा आणि उकळलेल्या पाण्याची बाटली, म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवून घेता येईल. स्टीफन मागे वायरीच्या गुंडाळ्यांवर, इस्त्रीचा शर्ट अंगात.

धुळ्याच्या पुढे तो झोपल्यावर मोहनबाई बोलल्या. शुक्रवारी त्यांनी सगळं ऐकलं होतं. शेठांचं भिंतीला सांगणं, माझं ओरडणं, स्टीफनचं मोडू नका म्हणणं. "मन टीव्हीजोडे आन आंग आसनवर. असी सामायिक काय कामनी, भाईदास? ती बी गई, आन त्याले आंडेर दिसनी नही ते नहीच." आंडेर म्हणजे लेक. पदराने डोळे पुसले आणि पुढचे पन्नास किलोमीटर माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवत राहिल्या. मला बरं वाटलं, कारण रडणाऱ्या मोहनबाईंचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

धर्मशाळेत उतरलो, सकाळी दहाला स्टेडियम गाठलं. तिकिटाची खिडकी शोधायला लागलो तर रखवालदार म्हणाला, जा आत, फुकट आहे. फुकट! तीन नंबर, तीन ॲप, रिचार्ज, माझे कटलेले पैसे, आणि ज्याच्यासाठी आम्ही डोकं फोडत होतो ते इथे दार सताड उघडं टाकून चाललं होतं. मी हसलो की शिव्या दिल्या ते आठवत नाही. दारावर फक्त एक फलक होता आणि रखवालदाराने स्टीफनच्या हातातल्या फोनकडे बघून तो वाचून दाखवला: आत चित्रीकरण करायचं नाही, प्रक्षेपणाचे हक्क विकलेले आहेत.

स्टीफनने फोन घाईघाईने खिशात टाकला. "डोयाघाई ते दखता यी ना, साहेब?"

डोळ्यांनी तर बघता येईल ना, असं मी मराठीत सांगितलं. रखवालदाराने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

आम्ही मधल्या रांगेत बसलो. समोर मॅट, मॅटच्या पलीकडच्या कडेला मोठा कॅमेरा, त्याच्यामागे कंपनीची माणसं. म्हणजे खेळाडू कॅमेऱ्याकडे बघणार ते आमच्याकडे पाठ करून. हे माझ्या लक्षात आलं, पण तेवढ्यात माझा फोन वाजला. माणकचंद शेठ. मागे गल्लीचा गलबला.

"भाईदास, पुनीतनी परत बाहेर काढी टाकं. ओटीपी मागी ऱ्हायना. तिले सांग, फोन दख."

मी मोहनबाईंकडे वळलो. त्यांनी बटव्यात बघितलं, पिशवीत बघितलं, डब्याखाली बघितलं. मग हात हळूच कमरेकडे गेला. किल्ली तिथे होती. शनिवारची सामायिक झाली, घाईत निघाल्या, फोन कपाटात राहिला. कपाट म्हसावदला, किल्ली नाशिकला, आणि शेठांच्या दिवाणखान्यात चाळीस माणसं पाटी बघत बसलेली.

मोहनबाईंनी माझ्या हातातला फोन घेतला. मला वाटलं काही उपाय सांगतील. "बठू द्या त्यासले," त्या म्हणाल्या. "आठ्ठेचाळीस मिनिट बठू द्या." आणि फोन बंद करून मला परत दिला.

मुली आत आल्या. स्टीफनने कोणती ती दाखवली नाही, पण त्याची नजर जिच्यावर खिळली तिच्यावरून मी ओळखली. बारीक, काळीसावळी, कपाळाला निळी पट्टी. पहिली पाळी तिच्या संघाची पळायची होती. तीन जणी कडेला उभ्या राहिल्या. गाणी थांबली, पंच घड्याळाकडे बघत होते. प्रिस्किला वाकली, मॅटला हात लावला, तो हात कपाळाला आणि छातीला नेला. मग सरळ उभी राहिली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि उजवा कान धरला.

म्हसावदला पोती उचलणारा तिचा बाप तिकडे टीव्हीसमोर बसलाय, असं ती समजत होती. त्या काचेच्या भोकात बघून ती हसत होती आणि बाप तिच्या पाठीमागे तीस फुटांवर तोंडावर हात दाबून बसला होता. त्याला हाक मारायची होती हे मला दिसत होतं. पण हात तोंडावरून निघत नव्हता. आणि ती कान धरून तशीच थांबली होती, अजून थोडा वेळ, म्हणजे त्याला नीट दिसावं.

माझ्या शेजारी मोहनबाई उभ्या राहिल्या. ज्या आवाजात वर्षानुवर्षं गल्लीला आकडे सांगितले त्या आवाजात, नाशिकच्या त्या छपराखाली ओरडल्या:

"वं पिर्सिला! मांगे दख! तुन्हा बाप मांगे शे!"

सगळं स्टेडियम वळलं. पंचांनी शिट्टी तोंडातून काढली. प्रिस्किलाने मान फिरवली, हात कानावरच. आधी तिला मोहनबाई दिसल्या, मग मी, आणि मग इस्त्रीचा शर्ट. स्टीफन उभा राहिला होता. त्याने काही केलं नाही, नुसता बघत होता, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसायलाही हात उचलत नव्हता. तिने कान सोडला नाही. कोणीतरी तिला हाक मारली, तरी सोडला नाही.

कॅमेरा तिकडे पलीकडेच होता. ज्यांनी पैसे भरले होते त्या सगळ्यांना त्या वेळी तिची पाठ दिसत होती. म्हसावदला तर तीही दिसत नव्हती.